पी. पी. इंटरनेट

लग्नपत्रिकेच्या तळाशी पत्ता, पत्त्याखाली टेलिफोन नंबर आणि नंबरापुढे कंसात ‘पी. पी.’. हे ज्यांनी पाहिलंय त्यांना माझा विषय अर्धाअधिक कळलाच म्हणून समजा. राहिलेल्यांसाठी सांगतो. पत्रिकेवर नंबर आमचा, पण फोन आमचा नसायचा. तो शेजारच्या काकूंच्या ओटीवर, क्रोशाच्या रुमालाखाली, डायलला इवलंसं कुलूप लावून बसलेला असे. वसईतल्या आमच्या आळीत असा एकच फोन होता. काकूंचा थोरला मुलगा आखातात होता, त्यामुळे त्यांच्याकडे फोन का आणि आमच्याकडे का नाही, हा प्रश्न कुणी विचारत नसे. बाकीच्यांनी अर्ज भरून ठेवलेले होते. अर्जांचं वय आणि मुलांचं वय बरोबरीने वाढत होतं.

फोन आला की काकू आधी स्वतः बोलून घ्यायच्या. कोण, कुठून, तिकडे पाऊस कसा, बाळंतीण बरी आहे ना. मग रिसीव्हर बाजूला ठेवून नातवाला पिटाळायच्या. नातू केळीच्या वाडीतून, पाण्याचा पाट ओलांडून धावत यायचा आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात ‘तुमचा फोऽऽन’ म्हणून ओरडायचा. आई ओले हात पदराला पुसत निघायची. तोवर पलीकडच्याचं मीटर पळत असायचं. बोलणं झालं की काकूंना थोडक्यात सार सांगावं लागे. फोन त्यांचा, तेव्हा बातमीत त्यांचा वाटा धरलेलाच.

ही व्यवस्था संपली असं आम्हाला वाटलं होतं. ती संपली नव्हती. काही वर्षांनी ती आमच्याच घरात, आमच्याच माजघरात पुन्हा सुरू झाली. फक्त काकूंच्या जागी टेबलावरचा संगणक आला होता आणि निरोपाची वाट बघत होता भाच्याच्या हातातला मोबाइल.

टेलिफोनच्या बाबतीत वसई कधीच मुंबई नव्हती. भाईंदरपर्यंत एमटीएनएल आणि ०२२. खाडी ओलांडली की बीएसएनएल आणि ०२५०. मधल्या काही वर्षांत तर मुंबईकराने आम्हाला फोन करायचा तर ९५२५० फिरवून मग पुढचा नंबर लावायचा अशी तऱ्हा होती. वसईतल्या दुकानांच्या जुन्या पाट्यांवर तो ९५२५० नंतरही बराच काळ दिसायचा, कारण पाटी रंगवायला पैसे पडतात. १४ जानेवारी २००५ला बीएसएनएलने ‘डेटावन’ नावाचं ब्रॉडबँड आणलं आणि यथावकाश ते आमच्या आळीतही पोचलं. वेग सेकंदाला २५६ किलोबिट. हसू नका. २००४च्या सरकारी धोरणात ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला एवढाच वेग पुरत होता. ती अट २ मेगाबिटपर्यंत जायला २०२३ साल उजाडावं लागलं. आखातातल्या कुणाच्या बारशाचा फोटो उघडला, की आधी पाळण्याची दोरी दिसायची, मग बाळाचं टोपडं, आणि बाळ कुणावर गेलंय हे ठरवायला चहा करून यायला सवड मिळायची.

मोडेमला वायरीचं एकच भोक होतं आणि वाय-फाय नव्हतं. म्हणजे इंटरनेट एका संगणकाचं, आणि संगणक सगळ्या घराचा. भाचा तेव्हा कॉलेजात होता. त्याच्याकडे कुणाचा तरी वापरलेला नोकिया ६६०० आला. ‘डबल सिक्स डबल झिरो’ असं त्याचं नाव सगळे आदराने घ्यायचे. त्या फोनला ब्लूटूथ होतं, वाय-फाय नव्हतं. मोबाइल कंपन्यांचं जीपीआरएस होतं, पण दहा केबीला दहा पैसे असा दर बहुतेक ठिकाणी चालायचा. ऐकायला हा दर चिंचोक्यांसारखा वाटतो. हिशेब केला की एका एमबीला दहा रुपये होतात, आणि एक गाणं उतरवलं की वडापावचं आठवड्याचं अंदाजपत्रक कोलमडतं. माजघरातल्या वायरीतून तोच माल कितीतरी स्वस्तात येत होता. तेव्हा भाच्याने ठरवलं, की फोनने बाहेर जाण्याची गरज नाही. त्याने संगणकाकडून घ्यावं.

त्यासाठी आधी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवरून ब्लूटूथचा डोंगल आणला गेला. डोंगल म्हणजे अंगठ्याच्या पेराएवढी वस्तू. तिच्याबरोबर मिळालेल्या सीडीतला प्रोग्रॅम उघडला की पडद्याच्या मध्यभागी एक नारिंगी सूर्य आणि त्याच्याभोवती ग्रहांसारखी मांडलेली उपकरणं दिसायची. आमच्या सूर्याभोवती एकच ग्रह होता आणि तोही दर थोड्या वेळाने मावळायचा. फोनमध्ये ‘ग्नूबॉक्स’ नावाचा एक फुकटचा प्रोग्रॅम घालायचा. त्या दिवसांत ही विद्या कॉलेजाच्या पोरांमध्ये कानोकानी फिरत होती, आणि प्रत्येकाच्या कानात थोडी वेगळी पोचत होती.

यातली मूळ गंमत मला फार आवडली, म्हणून ती जरा सांगतो. हा सगळा प्रकार दोन थापांवर उभा होता. विंडोजला सांगायचं, की तुला दुसरा एक संगणक केबलने जोडलेला आहे. केबल नसते, दुसरा संगणकही नसतो. आणि फोनला सांगायचं, की तू डायल करून एका टेलिफोन एक्स्चेंजला फोन लावतो आहेस. एक्स्चेंजही नसतं. हवेतल्या त्या नसलेल्या केबलवरून फोनने साद घालायची. विंडोजच्या रिवाजात येणाऱ्याने ‘क्लायंट’ म्हणायचं आणि यजमानाने ‘क्लायंटसर्व्हर’ म्हणून ओ द्यायची. एवढं झालं की दोघांची ओळख पटली. मग नाव, पासवर्ड, आणि संगणक आपल्या वायरीतलं इंटरनेट फोनला वाढायला लागायचा. वाढण्याची ही सोय विंडोजमध्ये १९९९ पासून, ‘९८ सेकंड एडिशन’पासून होती. लोकांना फक्त ताट मांडायचं ठाऊक नव्हतं.

‘मामा, तू कशालाही हात लावू नकोस,’ एवढीच माझ्यावर जबाबदारी होती आणि ती मी चोख पार पाडली. शेवटी एका संध्याकाळी फोनच्या पडद्यावर गूगलचं पान उमटलं. भाच्याने फोन उंच धरून घरभर मिरवला. आईने, म्हणजे त्याच्या आजीने, चष्मा वर सरकवून आधी फोनकडे पाहिलं. १७६ बाय २०८ ठिपक्यांचा तो पडदा. मग तिने मागच्या संगणकाच्या सतरा इंची पडद्याकडे पाहिलं. तिथेही तेच पान होतं.

‘एवढा मोठा पडदा समोर असताना हे एवढ्याशात कशाला बघायचं रे?’

प्रश्न बिनतोड होता. त्याचं उत्तर त्या रात्री मिळालं आणि ते तांत्रिक नव्हतं. उत्तर होतं मच्छरदाणी. वसईत वाडीच्या कडेला, पाटाच्या आणि बावखलाच्या, म्हणजे तळ्याच्या, आसपास जे राहतात त्यांना सांगायला नको, की सूर्य मावळल्यावर टेबलाखाली पाय सोडून बसणं म्हणजे रक्तदान शिबिर. संगणक मच्छरदाणीत येत नाही. फोन येतो. ब्लूटूथची धाव दहा मीटर असते आणि माजघराच्या टेबलापासून भाच्याच्या खाटेपर्यंत, मधली जाड भिंत धरूनही, ती कशीबशी पुरायची. उशी भिंतीकडे केली तर पुरायची, दाराकडे केली तर तुटायची. भाचा वर्षभर भिंतीकडे उशी करून झोपला. मच्छरदाणीच्या जाळ्यात त्याने जगाचं जाळं आत घेतलं होतं आणि डास बाहेर ठेवले होते. आमच्या घरात इंटरनेटचा याहून चांगला उपयोग कुणी केल्याचं मला माहीत नाही.

आता काकूंकडे वळतो, कारण संगणक आत बसून नेमकं काय करत होता हे त्यांच्याशिवाय मला समजलं नसतं. इंटरनेटवर प्रत्येक यंत्राला पत्ता लागतो. जुन्या पद्धतीचे असे पत्ते सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी. ते जेव्हा आखले तेव्हा जगाला पुरून उरतील असं वाटलं होतं. नव्वदच्या दशकात लक्षात आलं की पुरणार नाहीत. १९९४ साली त्यावर एक तोडगा कागदावर आला. घराला बाहेरचा पत्ता एकच ठेवायचा आणि आतल्या यंत्रांना खासगी, घरगुती पत्ते द्यायचे. १९९६मध्ये अशा घरगुती पत्त्यांसाठी काही आकडे कायमचे राखून ठेवले गेले. १९२.१६८ने सुरू होणारे पत्ते त्यातलेच. आमच्या संगणकाने स्वतःला १९२.१६८.०.१ म्हणवून घेतलं होतं. त्याच घटकेला जगातल्या लाखो घरांतले संगणक स्वतःला नेमकं हेच म्हणवून घेत होते आणि कुणाचं काही बिघडत नव्हतं, कारण हा पत्ता उंबरठ्याबाहेर चालतच नाही.

भाच्याच्या फोनने काही मागितलं की संगणक त्यावरचं फोनचं नाव खोडून आपलं घालायचा, मागणी बाहेर पाठवायचा आणि एका तक्त्यात नोंद ठेवायचा की ही मूळ कुणाची. उत्तर आलं की तक्ता बघून बरोबर फोनच्या हातात. बाहेरच्या जगाला फोन आहे हेच ठाऊक नाही. त्याच्या लेखी सगळं बोलणं संगणकाशीच चाललंय. सरळसरळ पी. पी. नंबर. एकाच बाबतीत काकू उजव्या होत्या. बाहेरून कुणी आपणहून फोन केला तरी त्या नातवाला पिटाळायच्या. संगणक तसं करत नाही. आतल्याने आधी तोंड उघडलेलं नसेल तर बाहेरून आलेल्याला तो ओळख दाखवत नाही, दारातूनच परत पाठवतो. त्यासाठी वेगळी शिफारस आधी लिहून ठेवावी लागते. घराच्या सुरक्षिततेला हे चांगलंच. पण आळीत असं वागणाऱ्या माणसाला माणूसघाणा म्हणतात.

त्या काळात हातातली सगळीच यंत्रं अशी मोठ्या यंत्राच्या ओसरीवर वाढत होती. १९९६चा पाम पायलट संगणकाशेजारच्या बैठकीत टेकवून बटण दाबलं की आतल्या नोंदी इकडून तिकडे व्हायच्या. पॉकेट पीसी नावाची महागडी यंत्रं होती. ती केबलने जोडली की संगणकाच्याच वायरीतून त्यांना इंटरनेट मिळायचं. अशी यंत्रं आमच्या आळीत कुणाकडे नव्हती. पण एसटीच्या कंडक्टरच्या गळ्यातली पेटी जाऊन तिकिटाचं यंत्र आलं तेव्हा अर्नाळा, नालासोपारा, वसई या आगारांतही तेच सुरू झालं. दिवसभर रस्त्यावर तिकिटं फाडणारं यंत्र रात्री आगारातल्या संगणकाशी बोलल्याखेरीज हिशेब पुरा होत नसे. हातातल्याने फिरायचं, टेबलावरच्याने सांभाळायचं. कुणाची पायरी कुठली याबद्दल दोघांच्याही मनात शंका नव्हती.

पाचशे रुपयांच्या प्लॅनमध्ये महिन्याचा डेटा मोजून मिळायचा, पण रात्री दोन ते सकाळी आठ मोजणी बंद. या एका कलमाने महाराष्ट्रातल्या एका पिढीची झोप बिघडवली आहे. भाचा दोनचा गजर लावायचा, उठून संगणक चालू करायचा, ताट मांडायचा आणि परत मच्छरदाणीत शिरायचा. दोनला संगणकाचा पंखा घरघरायला लागला की मला जाग यायची, आणि त्यानंतर काही वेळाने शेजारच्या वाडीत दिवा लागायचा. तिथे सोनचाफा आणि मोगरा टोपल्यांत भरला जात असे. दादरच्या फुलबाजाराला पहाटेच्या लोकलने जायचं तर तीन-साडेतीनला उठणं आलंच. वसईची फुलं आणि दूध घेऊन जाणारी माणसं कित्येक पिढ्या या वेळेला उठत आली आहेत. त्यांनी आमच्या खिडकीतला उजेड पाहिला आणि भाचा अभ्यासाला उठतो अशी त्याची कीर्ती आळीत झाली. तो तेव्हा ऑर्कुटवर असायचा. एका मावशींनी स्वतःच्या मुलाला त्याचं उदाहरण दिल्यावर मात्र भाचा दोन दिवस खिडकी लावून बसला.

आता काळोखाबद्दल. त्याशिवाय त्या वर्षांची हकीकत पुरी होत नाही. संध्याकाळची लोकल भाईंदर सोडून पुलावर आली, पाणजू बेट मागे पडलं, की नायगावपासून पुढे काळोख सुरू व्हायचा. खाडीच्या त्या बाजूला ट्यूबलाइटी, या बाजूला मेणबत्त्या. राज्यभर भारनियमन चाललं होतं. मुंबई त्यातून वगळलेली होती आणि आम्ही मुंबईला लागून होतो, मुंबईत नव्हतो. गाडीच्या डब्यातले लोक अंधार सुरू झाला की न बोलता पिशव्या काढायला लागायचे. घरी वीज गेली की संगणकाचा यूपीएस कावळ्यागत ओरडायला लागायचा. आम्ही तो घेतला होता दहा मिनिटांसाठी. त्या दहा मिनिटांत काम वाचवून संगणक नीट बंद करावा अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात ती दहा मिनिटं ‘बंद कर’, ‘करतो’, ‘अरे बंद कर’, ‘करतोय ना’ यात जायची.

आणि मग भाच्याच्या हातात तो फोन उरायचा. बॅटरी काठोकाठ भरलेली. पडदा लख्ख. टॉवरच्या दांड्या पूर्ण. सगळं काही जिवंत, पण जगाशी संबंध तुटलेला, कारण वाट माजघरातून जात होती आणि माजघरात अंधार होता. जीपीआरएस चालू करता आलं असतं. त्याने तत्त्व म्हणून केलं नाही. काळोखात खाटेवर बसून तो सापाचा खेळ खेळत असे आणि दर पाच मिनिटांनी विचारत असे, ‘आली का?’ विजेला आमच्याकडे आजही नुसतं ‘ती’ म्हटलं तरी पुरतं.

मे २०१०मध्ये अँड्रॉइडच्या २.२ आवृत्तीत एक बटण आलं आणि सगळी उतरंड उलटी झाली. आता फोनच इंटरनेट वाटू शकत होता. केबलने जोडा किंवा हवेतून घ्या. ५ सप्टेंबर २०१६ला जिओ सुरू झालं, डेटाचा भाव कोसळला आणि माजघरातल्या वायरीचं महत्त्व गेलं. आमचा म्हातारा संगणक एका यूएसबी केबलने भाच्याच्या फोनला बांधला गेला. त्या क्षणी विंडोजने खालच्या कोपऱ्यात नवं नेटवर्क कार्ड सापडल्याची वर्दी दिली, आणि ते कार्ड म्हणजे हातातला फोन होता. पत्ता फोनने दिला, १९२.१६८.४२ने सुरू होणारा. तक्ता आता फोनकडे. बाहेरच्या जगाला आता संगणक आहे हे ठाऊक नाही. आयुष्यभर वाढलं त्याने म्हातारपणी ताट पुढे करावं, तसा काहीसा प्रकार. मला त्याचं वाईट वाटलं, भाच्याला वाटलं नाही. त्याला दुपारी तिकिटं काढायची होती.

जुलै २०१८मध्ये वसई-विरार पाण्यात गेलं. वसई रोड ते विरार गाड्या बंद, वीज बंद, रस्त्यांवर होड्या. तेव्हा संगणक खाटेवर, खाट विटांवर, आणि फोन घरातल्या सगळ्यात उंच माणसाच्या शर्टाच्या खिशात, हे प्राधान्य कुणी न सांगता ठरलं. आळीत ज्याच्याकडे गाडी होती त्याच्या गाडीत लोक पाळीपाळीने फोन चार्ज करत होते आणि ज्याच्या फोनला रेंज होती त्याचा हॉटस्पॉट घेऊन नातेवाइकांना ‘ठीक आहोत’ एवढं कळवत होते. कुणी पासवर्ड विचारला नाही. कुणी ठेवलाच नव्हता.

पण फोनवर सगळं घर टांगण्यात एक खोट आहे, ती २०२०मध्ये कळली. भाचा आता विरार पश्चिमेला एका टॉवरमध्ये राहतो. शाळा घरात आल्या तेव्हा त्याच्या मुलीचा वर्ग घरच्या संगणकावर भरायचा आणि इंटरनेट यायचं तिच्या आईच्या फोनवरून, कारण त्या घरात तेवढ्याच कंपनीची रेंज टिकायची. भाचेसून नर्स आहे. १५ जून २०२०ला अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी लोकल सुरू झाल्या आणि ती पहाटेच्या गाडीने पुन्हा कामावर जायला लागली. ती गेली की फोन गेला, आणि फोन गेला की शाळा गेली. वर्ग आठला, इंटरनेट तोवर अंधेरीला पोचलेलं. माजघरातली वायर निदान लोकल पकडत नव्हती.

शेवटी त्यांनी फायबरची वायर घेतली. ती आली आणि संगणकाला लागली. राउटर मागाहून येणार होता. टाळेबंदीत ‘मागाहून’ या शब्दाला किती ताण देता येतो ते सगळ्यांनी पाहिलंय. संगणकावर इंटरनेट ओसंडून वाहतंय आणि फोनला रेंज नाही. मुलीला कविता म्हणून दाखवायची ती फोनच्या कॅमेऱ्यासमोर, कारण संगणकाला कॅमेरा नव्हता. भाच्याने मला फोन केला (गॅलरीत उभा राहून, तिथे जरा रेंज असते) आणि विचारलं, ‘मामा, तो जुना डोंगल कुठे आहे रे?’

तो डोंगल मी देव्हाऱ्याच्या खणात ठेवलेला होता, पण त्याची गरज पडली नाही. जुन्या काळात दोन थापा मारून जे साधावं लागायचं त्यासाठी विंडोज १०मध्ये २०१६ पासून सरळ एक बटण आहे. सेटिंग्ज, नेटवर्क, मोबाइल हॉटस्पॉट. नाव ‘मोबाइल’ असलं तरी टेबलावरच्या ढिम्म संगणकालाही ते चालतं. संगणकाला वाय-फायचं कार्ड किंवा बोटभर अडॅप्टर असला की झालं. आठ उपकरणांपर्यंत तो इंटरनेट वाढू शकतो. भाच्याने बटण दाबलं, मुलीच्या हातातल्या फोनला १९२.१६८.१३७ने सुरू होणारा पत्ता मिळाला आणि कविता वेळेवर म्हटली गेली. भाच्याचा आवाज फोनवर तसाच होता, त्या गूगलचं पान मिरवणाऱ्या संध्याकाळसारखा. ‘मामा, लागलं!’

तेव्हा तुमच्या घरी आतल्या खोलीत रेंज मरत असेल आणि तिथल्या संगणकाला वायर लागलेली असेल, तर नवं काही विकत घ्यायच्या आधी हे बटण दाबून पाहा. अडॅप्टर नसेल आणि फोन अँड्रॉइडचा असेल तर ‘ग्निरेहटेट’ नावाचा फुकट प्रोग्रॅम २०१७ पासून मिळतो. तो यूएसबी केबलने संगणकाचं इंटरनेट फोनला देतो. संगणक झोपणार नाही एवढं सेटिंगमध्ये बघा, नाहीतर तो पेंगला की सगळं घर पेंगतं. शेजारच्या मुलाची परीक्षा असेल तर त्यालाही जोडून घ्या, आठांत जागा असते. फक्त पासवर्ड ‘वसई१२३’ ठेवू नका. भाच्याच्या इमारतीत तो आधीच दोघा-तिघांनी घेतलाय आणि कुणाचा फोन कुणाच्या घरी लागतोय, हे तिथे अजून निस्तरायचं आहे.